प्रतीकाला बोलू द्या

पोळ्याला, म्हणजे पिठोरी अमावस्येला, यवतमाळ जिल्ह्यातल्या गावोगावी दुपार कलली की बैलजोड्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली येऊन उभ्या राहतात. आदल्या संध्याकाळी त्यांचे खांदे हळद-तूप लावून शेकलेले असतात. शिंगांना रंग आणि बेगड, कपाळी बाशिंग, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल, नवी वेसण, नवा कासरा. या सजावटीतले काहीही उगाच नाही. वर्षभर जू ओढून ज्या खांद्याला घट्टे पडले, त्याच खांद्याला हात लावून शेतकरी ऋण मान्य करतो. बाशिंग बांधून बैलाला नवरदेवाचा मान देतो. पोळा फुटल्यावर बैल दारोदार ओवाळले जातात आणि ते घेऊन जाणाऱ्याच्या हाती बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, पडतो. कोणाचे कष्ट कोणाच्या घरी उतरले, याचा हिशेब गाव असा चारचौघांत मांडते.

प्रतीक घडते ते असे. चित्रात किंवा वस्तूत आपोआप अर्थ येत नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यवहाराने तो येतो. म्हणून तर तेलाचा घाणा कधीही न पाहिलेला शहरातला नोकरदार स्वतःला सहज ‘घाण्याचा बैल’ म्हणवून घेतो, आणि संसाराचे जू मानेवर आले हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. शेतातले कष्ट भाषेत असे मुरले की शेती सुटली तरी अर्थ सुटत नाही.

ही ताकद राजकारणाने लवकर ओळखली. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती. तेव्हा उमेदवारागणिक स्वतंत्र मतपेटी ठेवून तिच्यावर चिन्ह लावले गेले. काँग्रेसची खूण होती जुवाला जुंपलेली बैलजोडी. यवतमाळ जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. जिल्ह्यातल्या पुसदहून त्याच निवडणुकीत याच चिन्हावर विधानसभेत गेलेले वसंतराव नाईक पुढे 1963 ते 1975 महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. त्यांची जयंती, 1 जुलै, राज्यात कृषी दिन म्हणून पाळली जाते. 1969 मध्ये काँग्रेस फुटली आणि बैलजोडीवरून वाद कोर्टात गेला. 1971 ची निवडणूक इंदिरा गांधींच्या पक्षाने गाय-वासरावर लढवली. अलीकडे शिवसेनेचा धनुष्यबाण आणि राष्ट्रवादीचे घड्याळ यांवरून झालेली भांडणेही हेच सांगतात की लोकांच्या मनात साठलेला विश्वास चिन्हाबरोबर जातो, म्हणून ते कोणाला सोडवत नाही.

पण प्रतीकाला एक धोका कायम असतो. त्यामागचे जिणे नजरेआड झाले की ते केवळ शोभेचे उरते. ट्रॅक्टर आले, चाऱ्याचा आणि बैलांचा खर्च परवडेनासा झाला, गोठे रिकामे होत गेले. अनेक घरांत आता मातीच्या बैलांची पूजा होते. त्यात गैर काही नाही; बैल नसला तरी कृतज्ञता शिल्लक आहे. गैर आहे ते बैलाला हार घालून कापसाच्या भावावर गप्प बसणे.

याच काळात या जिल्ह्यावर दुसरेच एक प्रतीक लादले गेले. केंद्राने 2006 मध्ये शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यात यवतमाळ होते. तेव्हापासून जिल्ह्याचे नाव निघाले की शेतकरी आत्महत्याच आठवतात. दुःख खरे आहे. पण एका शब्दात जिल्हा बसवला की त्यातली माणसे दिसेनाशी होतात. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला भरलेल्या 92 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले. आधी उद्घाटक म्हणून बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेल्याची ठसठस त्या मंडपात होतीच. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी म्हणून बोलावल्या गेलेल्या येडे यांना तिथे प्रतीक म्हणून नुसते मिरवता आले असते. पण येडे व्यासपीठावर उभ्या राहून बोलल्या; मागे राहिलेल्या बाईला काय सोसावे लागते ते त्यांनी स्वतःच्या शब्दांत मांडले. लोकांच्या लक्षात राहिले ते हे बोलणे.

पोळ्याला हे शहाणपण आधीपासून ठाऊक आहे. तोरण तुटण्याआधी झडत्या, म्हणजे पोळ्याची गीते, होतात. एक जण पुढे होऊन झडती म्हणतो, दुसरा त्याला उत्तर देतो, आणि शेवटी सगळे मिळून महादेवाचा गजर करतात. झडतीत देव असतो, तसा सावकारही असतो. हुकलेला पाऊस, पडलेला भाव, फिरकलेच नाहीत ते पुढारी, सगळ्यांचा समाचार घेतला जातो. सजलेल्या बैलासमोर उभे राहून गाव आपले गाऱ्हाणे मांडते. मुके ठेवलेले प्रतीक सजावट होते, बोलते ठेवले तर साक्ष देते.

म्हणून एक साधी अपेक्षा आहे. शाळांत तान्हा पोळा हौसेने भरतो, लाकडी बैलांना बक्षिसे मिळतात. त्याच मुलांना वडीलधाऱ्यांकडून झडत्या ऐकून लिहून घ्यायला लावावे. ग्रामपंचायतींनी दरवर्षीच्या नव्या झडत्या वहीत उतरवून, तारीख घालून जपाव्यात. दहा-वीस वर्षांनी ती वही जिल्ह्याच्या शेतीचा असा इतिहास सांगेल, जो कोणत्याही पॅकेजच्या कागदांत सापडणार नाही. आणि पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली मानाने बोलावल्या जाणाऱ्या लोकप्रतिनिधींनी हार-तुरे घेण्याआधी झडत्या पूर्ण ऐकाव्यात. त्यांतल्या प्रश्नांची उत्तरे देण्याची जबाबदारी त्यांचीच आहे.