भट्टीपुढचा फायरमन



यंदाचा आपला दिवाळी अंक कामगार चळवळीला वाहिलेला आहे. संपांच्या, लाल बावट्याच्या, युनियनांच्या विजयाच्या हकिकती आत आहेतच. सुरुवात मात्र मला अमेरिकेतल्या एका दुखऱ्या गोष्टीने करायची आहे.

बेस्टर विल्यम स्टील हा अलाबामातला कृष्णवर्णीय फायरमन. लुइव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेत इंजिनाची भट्टी सांभाळायचा. दक्षिणेत हे धगीचे, काजळीचे काम बरेचसे काळ्यांकडेच असे. पुढे यंत्रे आली, काम हलके झाले, तसे गोऱ्यांना ते हवेसे वाटू लागले. कायद्याने बहुसंख्यांच्या युनियनला सर्वांच्या वतीने वाटाघाटी करण्याचा अधिकार दिला होता. फायरमनांची युनियन तर काळ्यांना सभासदच करून घेत नसे. 1940 साली तिने 21 रेल्वे कंपन्यांना नोटीस दिली: यापुढे बढतीला पात्र असलेलीच माणसे फायरमन म्हणून घ्या. काळ्या माणसाला ड्रायव्हरची बढती कधी मिळतच नसे. त्यामुळे वर्णाचे नावही न घेता त्याला हटवण्याची सोय या अटीत होती. 1941 च्या करारात काळ्यांचे प्रमाण निम्म्यावर बांधले गेले. स्टीलच्या जागी त्याच्याहून कमी सेवा झालेला गोरा आला. स्टीलला काही दिवस घरी बसवून मग कमी मिळकतीच्या, जास्त कष्टाच्या कामावर टाकले. मालकाने अन्याय केला तर कामगार युनियनकडे धाव घेतो. इथे करारावर सही युनियनचीच होती.

स्टील कोर्टात गेला. वकील चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी त्याची बाजू मांडली. 18 डिसेंबर 1944 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: ज्यांच्या वतीने युनियन बोलते त्या सर्वांशी, बिगरसभासदांशीही, तिने भेदभाव न करता वागले पाहिजे. निकाल मोठा, तरी माझ्या मते अर्धाच. सभासद करून घेण्याची सक्ती त्यात नव्हती. ती 1964 च्या नागरी हक्क कायद्याने आली.

आपल्याकडेही मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात मज्जाव होता, कारण धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगार त्यांच्या उष्ट्याचा विटाळ मानत. 1928 च्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवली. मालकांकडे मागण्या नेणाऱ्यांना ती आपणहून सुचली नव्हती.

या अंकातला प्रत्येक लढा वाचताना त्या युनियनच्या सभासदांत कोणाला जागा नव्हती, तेही शोधा आणि आम्हाला कळवा.