लांबीचा संकोच हा भास नव्हे



गेल्या अंकातील पत्रात लांबीचा संकोच (धावत्या वस्तूची गतीच्या दिशेतली लांबी कमी भरणे) हा 'केवळ दृष्टिभ्रम' असल्याचे म्हटले आहे. हे पटत नाही.

अमेरिकेतील माउंट वॉशिंग्टनवर भौतिकशास्त्रज्ञ फ्रिश आणि स्मिथ यांनी केलेला, १९६३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. सुमारे १,९१० मीटर उंचीवर त्यांना तासाला साधारण ५६० म्युऑन (वातावरणातून खाली येणारे अल्पायुषी कण) मिळाले. म्युऑनचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, तर प्रकाशाच्या जवळपास वेगानेही एवढे अंतर उतरायला सुमारे ६.४ मायक्रोसेकंद हवेत. म्हणजे समुद्रसपाटीला जेमतेम तीसेक पोचायला हवे होते. पोचले ४०० हून अधिक! जमिनीवरून पाहताना आपण म्हणतो, म्युऑनचे घड्याळ संथ चालले. पण म्युऑनच्या दृष्टीने त्याचे घड्याळ अगदी नेहमीसारखे चालते; त्याच्यासाठी तो डोंगरच सुमारे नऊपट आखूड, जेमतेम सव्वादोनशे मीटरचा असतो. ही मोजणी यंत्राने केलेली आहे, तिथे डोळ्यांचा संबंधच येत नाही.

खरी मेख एककालिकतेत आहे. धावत्या वस्तूची लांबी मोजायची तर तिची दोन्ही टोके एकाच क्षणी टिपावी लागतात आणि 'एकच क्षण' कोणता, यावर वेगवेगळ्या गतीच्या निरीक्षकांचे एकमत होत नाही. वस्तू चेपली जात नाही, हे पत्रलेखकाचे म्हणणे मात्र बरोबर आहे. पण त्यावरून मापातला फरक खोटा ठरत नाही. डोळ्यांना काय दिसेल हा प्रश्नच निराळा: वेगाने जाणाऱ्या गोलाची कडा वर्तुळाकारच दिसते, हे भौतिकशास्त्रज्ञ पेनरोज यांनी १९५९ मध्येच दाखवले आहे.

— एक वाचक