घरंदाज बाईलाही ही तपासणी लागते

‘गुप्तरोग हे बाहेरख्यालीपणाचे फळ, घरंदाज माणसांना त्याची माहिती कशाला?’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून नोकरी केलेली असल्याने उत्तर देणे भाग आहे.

गरोदर बाईच्या पहिल्याच रक्ततपासणीत ‘व्हीडीआरएल’ असते. ती गरमीसाठी, म्हणजे सिफिलिससाठी. ज्या बाईने उंबरा ओलांडलेला नसतो, तिचाही अहवाल कधी पॉझिटिव्ह येतो आणि नवरा बाहेर बाकावर मोबाईल बघत बसलेला असतो! वेळीच उपचार झाले नाहीत तर गर्भपात होऊ शकतो, मूल मृत किंवा रोग घेऊन जन्मू शकते.

‘रोग असेल तर कळेलच’ हेही खरे नव्हे. गरमीचा पहिला फोड बहुधा दुखत नाही. तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप भरतो आणि श्रेय मिळते एसटी स्टँडच्या भिंतीवर जाहिरात रंगवणाऱ्या वैद्याला. रोग मात्र अंगात राहतोच. क्लॅमिडियात तर बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही. पुढे मूल होत नाही तेव्हा शोधाशोध.

गरमी, परमा (गनोरिया), क्लॅमिडिया औषधाने पूर्ण बरे होतात. सुरुवातीच्या गरमीला पेनिसिलिनचा एकच डोस पुरतो. पण उपचार दोघांनीही घ्यायला हवेत, नाहीतर पुन्हा लागण.

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचे मासिक काढले, तरी आपली कुजबुज संपलेली नाही. शासकीय रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी व औषधे मोफत मिळतात. शंका असेल त्यांनी जोडीदारासह तिथे जावे.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा