आपली छत्री आपणच का पाहू नये?

कला शाखेच्या मुलामुलींना यंत्रातले काही कळत नाही, असे इतर शाखांचे लोक म्हणतात, ते सोडून द्या. आपणच ते कौतुकाने सांगतो, याचे मला अधिक वाईट वाटते. वर्गातला पंखा बंद पडला की ‘आम्ही बुवा आर्ट्‌सवाले’ म्हणून हसायचे आणि शिपाईमामांची वाट पाहायची. यंदाच्या श्रावणापर्यंत मीही तशीच हसत होते.

आमचे घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. वडील मोंढ्यात हमाली करतात, आई कपडे शिवते. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. महिन्याचे पैसे भरावे लागत नाहीत म्हणून पत्र्यावर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री बसवलेली आहे. आजीला संध्याकाळी सह्याद्री वाहिनी लागते. ती नसली की आजी कोणाशी बोलत नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे आली ती गेलीच नाहीत. दुकानातून मेकॅनिक आला. छत्रीच्या कांडीवर जो डबीसारखा भाग असतो, त्याला एलएनबी म्हणतात, तो त्याने बदलला आणि ६०० रुपये घेतले. ६०० रुपये म्हणजे किती पोती, हा हिशेब आमच्या घरात सर्वांना तोंडपाठ आहे. यंदा श्रावणात पुन्हा तेच झाले. बाबा मला म्हणाले, “एवढी शिकतीस तू, तुला नाही का कळत?” त्यात टोमणा नव्हता, खरोखरच विचारले होते. म्हणून अधिक लागले.

मग मी जे केले त्यात हुशारी काही नाही. खोक्याच्या मेनूत दोन पट्ट्या असतात, एक ‘स्ट्रेंग्थ’ आणि दुसरी ‘क्वालिटी’. पहिली भरलेली आणि दुसरी शून्य असेल तर बहुधा छत्री हललेली असते. दोन्ही शून्य असतील तर संशय खोका, वायर किंवा एलएनबी यांच्यावर घ्यायचा. मुसळधार पावसात दोन्ही घसरतात आणि पाऊस थांबला की सावरतात. तो बिघाड नव्हे, त्यासाठी कोणाला बोलावू नये. आमच्या दोन्ही शून्य होत्या, तेही स्वच्छ उन्हात.

शेजारच्या काकूंकडेही हीच डिश आहे. त्यांचा खोका आणून आमच्या वायरीला जोडला, तरी शून्यच. आमचा खोका त्यांच्याकडे नेला, तो छान चालला. म्हणजे खोका निर्दोष. एका वेळी एकच वस्तू बदलायची, दोन बदलल्या की चोर कोण ते कळत नाही, एवढाच काय तो नियम. आता राहिला पत्रा.

पोरीने पत्र्यावर चढावे की नाही, यावर गल्लीत दहा मिनिटे चर्चा झाली. आईने शिडी धरली आणि चर्चा संपली. खोक्याचा प्लग आधी काढून ठेवला, कारण याच वायरीतून खोका एलएनबीला १३ ते १८ व्होल्ट वीज वर पाठवत असतो. वर जाऊन पाहते तो एलएनबीची पिन हिरवट पडलेली आणि आत पाणी. पिनेवर चढवायची रबरी टोपी कोणी लावलीच नव्हती. वायर चार बोटे कापली तेव्हा कुठे लखलखीत तांबे दिसले. नवी पिन बसवली. धाकटा भाऊ खाली पट्ट्या पाहत होता. “आलं का रे?” “नाही गं ताई!” असे तीनदा झाले. शेवटी दिसले की वायरीच्या जाळीचा केसाएवढा धागा मधल्या तारेला टेकला होता. तो काढला आणि खालून आजीचाच आवाज आला.

मग एक शंका आली. मेकॅनिकने काढलेला जुना एलएनबी आईने देवळीत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. तो लावून पाहिला. तोही चालला! म्हणजे गेल्या वर्षीही दोष पिनेचाच होता. एलएनबी बदलताना त्याने नवी पिन बसवली म्हणून चित्र आले असणार, आणि ६०० रुपये गेले डबीचे.

कोणी म्हणेल, फसवले. मला तसे वाटत नाही. तो मेकॅनिक सातवीपर्यंत माझ्याच वर्गात होता. दहावीनंतर दुकानात राहिला. बदलून पाहा, चालले तर ठीक, एवढेच त्याला शिकवले आहे. खोक्यावरचे सगळे इंग्रजीत, माहितीपत्रक इंग्रजीत. त्यालाही कोणी मराठीत चार ओळी सांगितल्या नाहीत.

जीसॅट-१५ हा उपग्रह २०१५ च्या नोव्हेंबरात अवकाशात गेला. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून तो कार्यक्रम पाठवतो आणि ते आमच्या पत्र्यावर येऊन बोटभर पिनेत अडतात. ग्रंथालयात वाचले की १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगात २४०० खेड्यांत उपग्रहावरून दूरदर्शन दाखवले गेले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, शेजारचे कर्नाटक होते. तेव्हा संच गावाचा होता आणि तो दुरुस्त ठेवण्याची व्यवस्थाही सरकारनेच केली होती. आता छत्री ज्याची त्याची, तशी दुरुस्तीही ज्याची त्याची. मग निदान तिची भाषा तरी आपली हवी.

हे काम विज्ञान शाखेने करावे असे मला वाटत नाही, आपणच करावे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सात दिवस व्याख्याने होतात, गाव झाडले जाते. एक दिवस पिना, टेप आणि चाकू घेऊन घरोघर का जाऊ नये? आणि मराठी विभागाने या दोन पट्ट्यांवर एक पान सोप्या मराठीत का छापू नये? मी एक पान लिहून सरांना दाखवले. सरांनी ‘पिन’ खोडून ‘संयोजक’ केले. सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मी ते पुन्हा ‘पिन’ केले आहे.

जुना एलएनबी देवळीतच आहे. दुकानदार तो परत घेऊन काही पैसे देईल का, असे बाबा रोज विचारतात. मी अजून दुकानात गेलेले नाही.