अडकलेले काम आणि गिरणीवाला

जुलै २०१७ च्या अखेरीस पीकविमा भरण्यासाठी मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या लांबच लांब रांगा लागल्या होत्या. ऑनलाइन अर्ज पुढे सरकेनात. शेवटी मुदत वाढवावी लागली. अशा वेळी परभणीपासून जिंतूरपर्यंत एकच उत्तर ऐकू येते, 'सर्व्हर डाऊन आहे.' हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. सर्व्हर म्हणजे दूर कोठेतरी बसवलेला संगणकच. गर्दीने तो मंदावतो हे खरे. पण पुष्कळदा तो चालू असूनही हाती घेतलेले एखादे काम अडून बसते आणि मागची कामे तिष्ठत राहतात.

ज्वारीच्या एका डब्यात खडा निघाला म्हणून गिरणीवाला गिरणी बंद करीत नाही. तो डबा बाजूला ठेवतो, त्यावर खडूने नाव लिहितो आणि पुढचा घेतो. संगणकाला ही अक्कल उपजत नसते. आज्ञावली लिहिणाऱ्याने ती द्यावी लागते. उत्तरासाठी किती सेकंद थांबायचे? पुन्हा प्रयत्न किती वेळा करायचा? (पैसे भरण्याचे काम असेल तर जपून, नाहीतर दोनदा कापले जायचे!) तरीही न जमलेले काम वेगळ्या रांगेत टाकतात. पत्ता न सापडलेल्या पत्रांसाठी टपाल खात्यात जी सोय असे, तिचेच नाव या रांगेला मिळाले आहे.

४ जून १९९६ रोजी युरोपचा 'एरियान-५' अग्निबाण सुमारे ३७ सेकंदांत भरकटला आणि नष्ट झाला. दिशादर्शक संगणकात एक मोठी संख्या १६ बिटांच्या जागेत घालण्याचा प्रयत्न झाला. तेथे ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नाही. न मावल्यास काय करायचे, हे त्या ठिकाणी लिहिलेलेच नव्हते. संगणकाने कामच थांबवले. राखीव संगणक होता, पण त्यातही तीच आज्ञावली!

शाळेत आपण बरोबर उत्तर देणारी आज्ञावली शिकवतो, चुकीला सामोरी जाणारी नाही. हे बदलले पाहिजे. पायथनमध्ये त्यासाठी 'ट्राय' आणि 'एक्सेप्ट' हे शब्द आहेत. मात्र 'एक्सेप्ट'नंतर काहीच नोंद न करता चूक गिळून टाकणे अधिक वाईट. मग अर्ज कोठे हरवला हे कोणालाच कळत नाही. शिक्षकांनी पुढच्या तासाला दहा मुलांची वये वाचणारी आज्ञावली लिहून घ्यावी आणि चौथ्या जागी मुद्दाम अक्षरी 'बारा' लिहावे. उरलेली नऊ वये वाचली जाऊन चौथ्याची नोंद वेगळी निघते का, ते पाहा.