दऱ्या आणि दर्या

महाडहून पोलादपूरकडे जाताना मध्यंतरी महामार्गालगत एक फलक दिसत असे : 'सह्याद्रीच्या दर्यांत पदभ्रमण'. अक्षरे प्रचंड, काळीभोर, कंपास-पट्टीने आखल्यासारखी. दर्या म्हणजे समुद्र. फलककर्त्याला अभिप्रेत होत्या त्या आंबेनळी घाटाच्या बाजूच्या दऱ्या. वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहिले, तेव्हा बहुतेकांना त्यात काही खटकले नाही. मला खटकले ते हेच.

दोष भौमितिक अक्षराचा आहे, असे मला म्हणावयाचे नाही. बोरूची जाड-बारीक रेघ बाजूला ठेवून केवळ वर्तुळ आणि सरळ रेषा यांच्या आधारे देवनागरी उभी राहू शकते, हे २०१४च्या 'पॉपिन्स' या अक्षरसंचाने दाखवून दिले. त्यातील देवनागरी निनाद काळे यांची. तथापि रेघ जाड होत जाते तसा अक्षराच्या पोटातील अवकाश आक्रसतो. रोमन 'ओ'च्या पोटात एकच पोकळी. आपल्या 'क'च्या दोन्ही बाजूंना वळणे, वर शिरोरेषा, शिवाय मात्रा, रफार आणि जोडाक्षरे. जाणता अक्षरकार यातील प्रत्येक जागा राखतो. घाईने निवडलेल्या एखाद्या संचात मात्र 'ऱ्य'मधील ती डावीकडची बाकदार रेघच नसते. मग तेथे रफार बसतो आणि दरीचा समुद्र होतो. पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' यांचीही तीच गत. ६ नोव्हेंबर २००९च्या शासननिर्णयाने ही मराठी वळणे प्रमाण ठरवली; फलकांपर्यंत ती क्वचितच पोहोचली.

ठळक अक्षर मराठीला नवे नाही. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांची शीर्षके रेखाटली, ती त्या त्या नाटकाची प्रकृती ओळखून. तेथे अक्षराचे वळण हा अर्थाचाच भाग होता. आज संगणकावर एकच वळण लग्नाला, श्रद्धांजलीला आणि २० मार्चला चवदार तळ्यावर येणाऱ्यांच्या स्वागतालाही चालते. २०२२च्या कायदादुरुस्तीने दुकानांच्या पाट्यांवरील मराठी अक्षर इतर लिपीहून लहान असू नये, असे ठरवले. हे स्वागतार्हच आहे. पण तो नियम आकारमानाचा आहे. अक्षर मोठे झाले आणि चुकले, तर चूकही मोठी होते.

साहित्याचे अध्यापन करणारे आपण संहितेची चर्चा करतो आणि अक्षर मुद्रकावर सोपवून मोकळे होतो. ज्या मुलांचे पुस्तकांहून अधिक वाचन रस्त्यावर होते, त्यांना शुद्धलेखन कोण शिकवते, हा प्रश्न म्हणूनच आपला आहे. यंदा प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी आपापल्या गावातील दहा पाट्या उतरवून आणावयास सांगितले आहे. व्याकरणाचा पहिला तास त्या पाट्यांवरच घ्यावा, असा विचार आहे.