कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही विचारा

२०२५ मध्ये राज्य सरकारने १०० दिवसांचा कार्यालयीन सुधारणा कार्यक्रम राबवला. त्यात कामाच्या ठिकाणच्या सोयीसुविधाही तपासल्या गेल्या. अशा पाहणीत कर्मचाऱ्यांचे मत घ्यायचे, तर ढोकीसारख्या गावात लसीची शीतपेटी घेऊन फिरणाऱ्या, रात्री ऑनलाइन नोंदी भरणाऱ्या कंत्राटी परिचारिकेलाही विचारायलाच हवे. नेमणूक तात्पुरती, मग मत कशाला, असे कुणी म्हणेल. पण राष्ट्रीय आरोग्य अभियानात अनेकांची दहा-दहा वर्षे कंत्राटातच सरली. त्यांना नियमित सेवेत सामावून घेण्याचा (समायोजनाचा) शासन निर्णय १४ मार्च २०२४ चा, तरी अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना संपावर जावे लागले. याला तात्पुरते कसे म्हणायचे? मुदतवाढ न मिळण्याच्या धास्तीने हे कर्मचारी मोकळेपणी बोलणार नाहीत, ही शंका मात्र रास्त आहे. म्हणूनच उत्तरे निनावी हवीत, आणि मुदतवाढीची शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती ती पडता कामा नयेत.